सातव्याचे जगते, आठव्याचे नाही

मे महिन्यातील एका रात्री अकरा वाजून गेल्यावर शिरपूर तालुक्यातील एका खेड्यातून आलेल्या आजींनी आमच्या नवजात विभागाच्या दाराशी मला थांबवले आणि म्हणाल्या, "डाक्टरबाई, सातवानं शे ना? मंग जगी." त्यांच्या बोलण्यात प्रश्न थोडा आणि दिलासा अधिक होता. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूत खानदेशात घरोघरी ऐकू येते. धुळ्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी ती अहिराणीत, मराठीत, हिंदीत आणि आशाताईंच्या मध्यस्थीने पावरा आदिवासींच्या पावरी बोलीतही ऐकली आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती सापडते, तेव्हा ती केवळ आपल्याकडची नव्हे. आजी ज्या नातवाविषयी बोलत होत्या तो ३० आठवड्यांचा होता, त्याचे वजन १,२०० ग्रॅम होते, आणि त्या क्षणी आत पेटीत तो एकेका श्वासासाठी झगडत होता.

ही समजूत निरुपद्रवी असती तर मी तिच्याविषयी लिहिले नसते. काही वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातून ३३ आठवड्यांचे एक बाळ जन्मानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आणले गेले. प्रसूती घरीच झाली होती. बाळ जन्मल्यापासून कण्हत होते, त्याचे पोट उडत होते, हे घरच्यांनी पाहिले होते. परंतु आठव्याचे आहे, त्याचे काय होणार, असे म्हणून कोणी धावपळ केली नाही. वास्तविक ३३ आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसे ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा कितीतरी अधिक तयार असतात, आणि वेळेवर मदत मिळाली तर अशी बहुतेक बाळे आईच्या कुशीत घरी जातात. ते बाळ गेले. या समजुतीचे मूळ काय असावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा अंदाज असा की, जी बाळे 'सातव्याची' म्हणून जगली त्यांचे दिवस मोजण्यात बहुधा चूक झाली होती आणि ती प्रत्यक्षात बरीच पुढची होती; खरोखर सातव्यात जन्मलेली बाळे पूर्वी पहिल्या दोन-तीन दिवसांतच जात आणि बारसे झालेले नसल्याने कोणाच्या आठवणीतही राहत नसत.

फुप्फुसांचा हिशेब महिन्यांत करून चालत नाही, तो आठवड्यांत करावा लागतो. फुप्फुसात हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची आतली बाजू ओलसर असते आणि पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला आकसून घेऊ पाहतो. किराणा दुकानात प्लास्टिकच्या नव्या पिशवीचे तोंड चिकटलेले असते आणि दुकानदार ते बोटांनी चोळून उघडतो. पिशवी आतून ओली असेल तर तीच उघडायला आणखी कष्ट पडतात. वायुकोशाचेही तसेच आहे, आणि पिशवी जितकी लहान तितका ती उघडी ठेवायला दाब अधिक लागतो. पूर्ण दिवसांच्या बाळात वायुकोशांच्या भिंतीतील काही विशिष्ट पेशी एक स्निग्ध द्रव्य तयार करून ओलाव्यावर त्याचा पातळ थर पसरवतात. त्यालाच सरफॅक्टंट म्हणतात. त्यात मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात आणि थोडी प्रथिने असतात. हा थर पाण्याचा ताण कमी करतो, त्यामुळे श्वास सोडल्यावरही वायुकोश पूर्ण मिटत नाहीत आणि पुढच्या श्वासाला ते सहज फुगतात.

गर्भात हे द्रव्य साधारण २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागते आणि ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसे साठते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास हा पहिल्या श्वासाइतक्या कष्टाने घ्यावा लागतो. फुगा पहिल्यांदा फुगवताना जी ताकद लागते तीच मिनिटाला साठ-सत्तर वेळा लावायची, असा हा प्रकार आहे. वैद्यकात याला श्वसनत्रासाचा विकार किंवा थोडक्यात आरडीएस म्हणतात. बाळाची छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, आणि प्रत्येक उच्छ्वासाला बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. त्या कण्हण्याकडे नातेवाइकांनी आणि घरी प्रसूती करणाऱ्या बायांनी नीट लक्ष द्यावे असे मला फार वाटते. बाळ रडत नाही, शांत आहे, थोडेसे कण्हते आहे, असे समजून अनेकदा ते कपड्यात गुंडाळून निजवले जाते. खरे तर ते बाळ आपला गळा अर्धवट मिटून हवा आत अडवून धरते आहे, म्हणजे वायुकोश मिटू नयेत म्हणून स्वतःच दाब निर्माण करते आहे. १,२०० ग्रॅमचा जीव हा प्रयत्न फार तास करू शकत नाही.

त्या रात्रीच्या बाळाकडे परत येते. त्याचा जन्म ८.५० वाजता तालुक्याच्या एका दवाखान्यात झाला होता आणि तापी ओलांडून, आग्रा रोडने ते ११.१० वाजता आमच्याकडे पोहोचले होते. दिवसभर ४३ अंशांचा उन्हाळा होता आणि रात्रीही भिंती तापलेल्या होत्या, तरी बाळाचे तापमान ३५.६ अंश भरले. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. जन्मतः ओल्या असलेल्या अंगावरचे पाणी उडताना बाळाची ऊब घेऊन जाते, इतक्या लहान बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, आणि गाडीच्या उघड्या खिडकीतून येणारा वारा मोठ्यांना सुखाचा वाटत असला तरी बाळाला तो गारठवतो. थंड पडलेल्या बाळाला ऑक्सिजन अधिक लागतो आणि त्याची रक्तातली साखर उतरते. म्हणून आम्ही आधी त्याला वॉर्मरखाली घेतले, अंगाभोवती स्वच्छ प्लास्टिक गुंडाळले, डोक्यावर टोपी घातली आणि बबल सीपॅप सुरू केले. सीपॅपमध्ये नाकातून सतत दाबाने हवा दिली जाते. तिची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत जितके सेंटीमीटर बुडवलेली असेल तितका दाब फुप्फुसात राहतो. आम्ही ती सहा सेंटीमीटर बुडवली होती. तरीही रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ९० च्या वर ठेवण्यासाठी ५० टक्के ऑक्सिजन द्यावा लागत होता. एक्स-रेमध्ये फुप्फुसे थंडीत काचेवर वाफ धरावी तशी धूसर दिसत होती. सीपॅपवर असतानाही ऑक्सिजनची गरज ३० टक्क्यांच्या वर जाऊ लागली की सरफॅक्टंट देण्याचा निर्णय साधारणपणे घेतला जातो. आमचे बाळ ती रेघ ओलांडून पुष्कळ पुढे गेले होते.

औषधाची कुपी फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर ठेवलेली असते. बाळ येत आहे असा फोन कोणी केला असता तर ती आधीच बाहेर काढून ठेवता आली असती. आमच्या सिस्टरने ती कोमट व्हावी म्हणून मुठीत धरली आणि तशीच बाळाजवळ उभी राहून दुसऱ्या हाताने नळीची पट्टी चिकटवली. कुपी जोराने हलवायची नसते, फेस होतो. नुसती हळूहळू उलटी-सुलटी करायची. आत सायीसारखे पांढरट द्रव्य असते. आम्ही वापरतो त्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम सरफॅक्टंट असते आणि पहिली मात्रा वजनाच्या दर किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला बरोबर तीन मिलिलिटर, एक अख्खी कुपी.

पूर्वी हे औषध देण्यासाठी श्वासनलिकेत जाड नळी टाकून बाळाला व्हेंटिलेटरवर घेत असत, आणि व्हेंटिलेटरचा दाब कोवळ्या फुप्फुसांना इजा करी. पुढे नळी टाकून, औषध देऊन, लगेच नळी काढायची पद्धत आली. आता बाळाला सीपॅपवरच ठेवून, ते स्वतः श्वास घेत असताना एका बारीक नळीतून औषध सोडता येते. लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात पाहायच्या उपकरणाच्या उजेडात बाळाचे स्वरतंतू दोन पांढुरक्या रेषांसारखे दिसतात आणि प्रत्येक श्वासाला त्यांच्यामधली फट उघडते. त्या फटीतून नळी जेमतेम सेंटीमीटरभर पुढे गेली की थांबायचे. मी थेंबाथेंबाने औषध सोडत होते आणि सिस्टर मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मोठ्याने सांगत होती. मध्येच थोडे औषध घशाकडे परत आले, आकडा ७८ पर्यंत उतरला, हृदयाचे ठोके मंदावले. मी हात थांबवला. आकडा हळूहळू ८४, ८८, ९१ असा चढला, मग राहिलेले औषध दिले. या साऱ्याला दोन-अडीच मिनिटे लागली असतील. अर्ध्या तासात ऑक्सिजन ५० वरून २८ टक्क्यांवर आणता आला. बाळाचे कण्हणे थांबले आणि खोलीत नुसता बाटलीतल्या बुडबुड्यांचा आवाज उरला.

तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे औषध जन्मानंतर तीन तास उलटून गेल्यावर दिले गेले. ज्या बाळाला सरफॅक्टंटची गरज आहे त्याला ते पहिल्या दोन तासांच्या आत मिळाले तर फायदा अधिक होतो, हे आता पक्के ठाऊक आहे. फुप्फुसे एकदा मिटून सुजू लागली, त्यांत प्रथिनांचा पाझर सुरू झाला, की तीच मात्रा कमी काम करते.

या तीन मिलिलिटरमागे किती वर्षे गेली आहेत, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. १९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी दाखवले की फुप्फुस हवेने फुगवायला जितका दाब लागतो त्याहून द्रवाने भरायला पुष्कळ कमी लागतो, म्हणजे अडथळा पृष्ठताणाचा आहे. त्या शोधाकडे जवळजवळ पंचवीस वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. १९५९ मध्ये बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अकाली जन्मून गेलेल्या बाळांची फुप्फुसे तपासली आणि त्यांत हेच द्रव्य कमी असल्याचे दाखवून दिले. तोपर्यंत वायुकोशांत दिसणाऱ्या काचेसारख्या पापुद्र्यालाच लोक रोगाचे कारण समजत होते. कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन सुमारे २.१ किलो होते. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या घरात जन्मलेले ते बाळ याच आजाराने ३९ तासांत गेले. तेवढ्या दिवसांचे आणि तेवढ्या वजनाचे बाळ आज धुळ्यात, जळगावात किंवा नंदुरबारात जन्मले तर पुष्कळदा नुसत्या सीपॅपवर निभावून जाते, आणि मी जेव्हा जेव्हा असे बाळ घरी पाठवते तेव्हा मला पॅट्रिकची आठवण होते. सीपॅपची पद्धत जॉर्ज ग्रेगरी यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७१ साली मांडली. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेले सरफॅक्टंट दहा बाळांना देऊन १९८० मध्ये त्याचे यश प्रसिद्ध केले. स्वीडनमध्ये बेंग्ट रॉबर्टसन आणि टोरे कुर्स्टेट यांनी डुकराच्या फुप्फुसातून ते तयार केले. १९९० पासून सरफॅक्टंटचे औषध अमेरिकेत अधिकृतपणे मिळू लागले.

औषध प्राण्यांच्या फुप्फुसातून येते, हे मी पालकांना देण्यापूर्वीच सांगते. बाजारात डुकरापासूनचे आणि गाईपासूनचे, दोन्ही प्रकार आहेत, आणि आपल्याकडे या दोन्ही गोष्टी कोणत्या ना कोणत्या घरात मनाला लागतात. घाई आहे म्हणून न सांगता द्यावे, असे काही सहकाऱ्यांचे मत असते. मला ते पटत नाही. दोन वाक्यांत सांगता येते आणि सही करणाऱ्या बापाला तेवढे जाणून घेण्याचा हक्क आहे. त्या रात्री बाळाच्या वडिलांना मी म्हटले, "भाऊ, हे औषध डुकराच्या फुप्फुसातून शुद्ध करून बनवतात, तुमची हरकत नसेल तर देते." ते क्षणभर आपल्या आईकडे पाहत राहिले. आजीच म्हणाल्या, "द्या माय, जीव वाचना पाहिजे."

खर्चाचेही बोलावे लागते. खासगी रुग्णालयात या एका कुपीसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात आणि उघडलेल्या कुपीतले उरलेले औषध पुन्हा वापरता येत नाही. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताचे उपचार निःशुल्क आहेत, हे प्रत्येक गरोदर बाईच्या घरी आधीच माहीत असावे. रात्री बारा वाजता दागिना मोडायला निघालेल्या माणसाला ते कळून फार उपयोग होत नाही. औषध सांभाळण्याची काळजी आमच्या भागात निराळीच घ्यावी लागते. मे महिन्यात वीज गेली की फ्रीजचा आकडा चढू लागतो, आणि घाबरून कुपी बर्फाला टेकवून ठेवली तर ती गोठून वाया जाते. म्हणून आमच्याकडे फ्रीजचे तापमान रोज दोनदा वहीत लिहिले जाते. मला औषधाच्या पत्रकापेक्षा त्या वहीवर अधिक भरवसा आहे.

सातव्या-आठव्याच्या समजुतीच्या उलट बाजूची एक समजूत अलीकडे वाढते आहे. "ते फुप्फुसाचं इंजेक्शन दिलं ना, मग आता बाळ बरं होईल," असे नातेवाईक दारातच विचारतात. सरफॅक्टंटने एक अडचण दूर होते, बाळाचे कमी पडलेले दिवस भरून निघत नाहीत. त्याचा मेंदू अजून श्वास घ्यायला विसरतो, त्यासाठी कॅफिन, म्हणजे कॉफीतलेच द्रव्य, नेमक्या मात्रेत द्यावे लागते. या बाळाला पहिल्या मात्रेत २४ मिलिग्रॅम दिले. त्याला चोखता येत नाही, म्हणून आईचे दूध नळीने पोटात सोडावे लागते. जंतुसंसर्गाची भीती रोज असते. ऑक्सिजन अधिक झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, म्हणून मॉनिटरवरचा आकडा ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवावा लागतो. शंभर दिसले की नातेवाइकांना आनंद होतो, पण ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचा आकडा शंभर झाला की आमच्या सिस्टर लगेच ऑक्सिजन कमी करतात. पुढे चौथ्या आठवड्याला डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच लागतो, बाळ कितीही गुटगुटीत दिसत असले तरी. हे सारे रात्रंदिवस पाहणारी सिस्टर जिथे नाही तिथे नुसती कुपी नेऊन काहीच साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला या लेखात मुख्यतः सांगायचे आहे ते मात्र जन्माच्या आधीचे आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स हे मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. कळा कशाने सुरू होतात याचा शोध घेताना त्यांनी गर्भातल्या कोकरांना स्टिरॉइड दिले. एक कोकरू इतके आधी जन्मले की त्याने श्वास घ्यायलाच नको होता, आणि तरी ते श्वास घेत होते. त्याची फुप्फुसे काही प्रमाणात फुगलेली सापडली. त्यावरून लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी ऑकलंडमध्ये मुदतीआधी कळा आलेल्या स्त्रियांना बीटामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शने दिली आणि १९७२ साली दाखवून दिले की आईला दिलेल्या औषधाने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, आरडीएस कमी होतो, मृत्यू कमी होतात. इतका स्वस्त, इतका सोपा उपाय, पण जगभरचे डॉक्टर पुढची वीस वर्षे कचरत राहिले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन तो सर्वांनी वापरावा असे १९९४ मध्ये सांगितले. मधल्या काळात जी बाळे गेली त्यांतली कितीतरी वाचली असती, ही गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवली जाते.

भारतात यासाठी डेक्सामेथासोन हे त्याच प्रकारचे स्टिरॉइड वापरतात. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी आईच्या स्नायूत दिली जातात. चारही मिळून शंभर रुपयांच्या आत येतात आणि ती फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाहीत. केंद्र सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून पुढे पाठवण्यापूर्वीची पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्रावरच्या एएनएम सिस्टरलाही दिली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २,८५२ स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोन न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली, मिळालेल्या गटात १९.६ टक्के.

यात एक सावधगिरी आहे आणि ती मी लपवणार नाही. याआधी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिच्यात आपल्याकडची नागपूर आणि बेळगाव ही केंद्रेही होती, गावपातळीवर सरसकट हे इंजेक्शन दिल्यावर अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट एकूण बाळांमध्ये मृत्यू किंचित वाढले. त्याचा अर्थ मी असा लावते की दिवस नीट मोजलेले नसताना, मुदतीआधी प्रसूती होणारच नाही अशा बाईलाही ते दिले आणि पुढे बाळाला सांभाळणारी सोय नसली, तर ते हिताचे ठरत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली एक सोनोग्राफी आणि शेवटच्या पाळीची लिहून ठेवलेली तारीख, या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली बाई फडातच गरोदर राहते आणि होळीला परत येते तेव्हा तिच्याजवळ ना कार्ड असते ना तारीख. अशा आईचे बाळ आले की आम्ही त्याच्या तळव्यावरच्या रेषा, कानाच्या पाळीचा कडकपणा आणि कातडीचा पोत पाहून दिवसांचा अंदाज बांधतो. तळवा गुळगुळीत असला की माझ्या पोटात गोळा येतो. पण तोपर्यंत बाळ जन्मलेले असते आणि आईला इंजेक्शन देण्याची वेळ निघून गेलेली असते.

त्या मे महिन्यातल्या आईजवळ कार्ड होते, तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी होती, दिवस स्पष्ट होते. कळा सुरू झाल्यावर ती संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या दवाखान्यात पोहोचली होती. म्हणजे प्रसूतीपूर्वी तिच्या हाताशी जवळजवळ चार तास होते. त्या चार तासांत तिला सलाईन लावले गेले, धुळ्याला न्यावे लागेल असे दोनदा सांगितले गेले, गाडीची वाट पाहिली गेली; आणि डेक्सामेथासोनचे एकही इंजेक्शन दिले गेले नाही. चार तासांत पूर्ण परिणाम होत नाही हे मला ठाऊक आहे, तो व्हायला साधारण एक दिवस लागतो. परंतु काही तास आधी दिलेली एक मात्राही वाया जात नाही. तिला पाच वाजताच इंजेक्शन देऊन, फोन करून, बाळ पोटात असतानाच आमच्याकडे पाठवले असते तर ते ओल्या अंगाने आग्रा रोडवरून आले नसते. हे लिहिताना मला आजही त्रास होतो. तिथे काम करणारी माणसे वाईट नव्हती. सकाळपासून प्रसूती चालू होत्या आणि ट्रेमध्ये ते इंजेक्शन ठेवलेले नव्हते, असे मला नंतर कळले.

त्यानंतर मी आणि आमच्या दोन सिस्टर सुटीच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन बोलू लागलो. सरफॅक्टंटविषयी आम्ही तिथे पाच मिनिटेच बोलतो. उरलेला वेळ डेक्सामेथासोन कुठे ठेवायचे, किती द्यायचे, चिठ्ठीवर वेळ कशी लिहायची, आणि गाडी निघण्यापूर्वी फोन कोणाला करायचा, यावर जातो. आशाताईंना आम्ही एवढेच सांगतो की सातवा-आठवा हे शब्द घरात निघाले की तिथेच थांबून आठवडे मोजायला बसा; आणि अंगावरून पाणी गेले किंवा कळा आल्या तर उद्या सकाळची वाट पाहू नका.

आजींचा नातू सीपॅपवर सहा दिवस राहिला. दुसरी मात्रा लागली नाही. दहाव्या दिवसापासून तो आईच्या छातीशी उघड्या अंगाने तासन्‌तास राहू लागला, आणि आई थकली की आजी स्वतः चोळीची गाठ सोडून त्याला छातीशी घेऊन बसत. १,६५० ग्रॅमचा झाल्यावर तो घरी गेला. डोळ्यांच्या तपासणीला आणला तेव्हा पडदा ठीक होता. आठव्या महिन्याविषयी आजींशी मी तेव्हा सविस्तर बोलले. त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही हे मला सांगता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात ३१ आठवड्यांच्या एका आईला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रातून आमच्याकडे पाठवले. फोन आधी आला होता. चिठ्ठी चहाचा डाग पडलेल्या वहीच्या पानावर होती आणि तिच्यावर निळ्या शाईने लिहिले होते, 'डेक्सा ६ मि.ग्रॅ., सायं. ६.१०, डाव्या मांडीत. पुढची मात्रा स. ६.१०'. प्रसूती तिसऱ्या रात्री झाली, चारही मात्रा पूर्ण झाल्यावर. बाळ १,३८० ग्रॅमचे होते, जन्मताच रडले, दोन दिवस सीपॅपवर राहिले आणि ऑक्सिजन २५ टक्क्यांच्या वर न्यावा लागला नाही. त्या चिठ्ठीची छायाप्रत, नाव आणि गाव झाकून, मी फ्रीजच्या दारावर तापमानाच्या वहीशेजारी लावली आहे.